थोडा समास सोडा!

भाजीवाला म्हणतो, "ताई, ह्यात मला मार्जिनच सुटत नाही!" बँकेतले अधिकारी सांगतात, "कर्ज मंजूर होईल, पण मार्जिन मनीची तजवीज तुमची तुम्हाला करावी लागेल." निवडणुकीच्या निकालादिवशी टीव्हीवरची निवेदिका 'मार्जिन घटलं, मार्जिन वाढलं' असा सकाळपासून घोषा लावते. शाळेतल्या बाई वहीवर लाल शेरा मारतात, 'मार्जिन आखलेले नाही.' आणि आमच्या कार्यालयात पानं लावणारा मुलगा दर मंगळवारी हमखास विचारतो, "मॅडम, मजकूर दहा ओळी जास्त झालाय, मार्जिन खाऊ का थोडं?"

एकच शब्द, पण त्याला कामं किती! व्यापाऱ्याचा नफा तो मार्जिन, कर्जदाराचा स्वतःचा वाटा तो मार्जिन, उमेदवाराचं मताधिक्य तो मार्जिन आणि वहीतली डावीकडची कोरी पट्टी तीही मार्जिनच. बरं, हा शब्द इंग्रजी आहे याची आठवणसुद्धा आपल्याला राहिलेली नाही. टेबल, बस, तिकीट यांच्या पंगतीत तो केव्हाच येऊन बसला. मग वाटलं, रोज तोंडात असणाऱ्या या पाहुण्याचं मूळ-कूळ एकदा विचारून तरी पाहावं. शब्दकोश उघडले आणि बघता बघता रोमपासून इराणपर्यंत आणि तिथून थेट आपल्या मुंबईच्या फोर्टात येऊन पोचले!

मूळ शब्द लॅटिनमधला, 'मार्गो'. अर्थ अगदी साधा : कड, काठ, कशाचीही बाहेरची बाजू. इंग्रजीत तो चौदाव्या शतकात आला. पण त्याचं गोत मोठं आहे. युरोपातल्या आणि इराणातल्या अनेक भाषांत त्याची चुलत भावंडं सापडतात. इंग्रजीतला 'मार्क' हा त्यातलाच एक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ हद्द असा होता. मग हद्द दाखवणाऱ्या खुणेला 'मार्क' म्हणू लागले, मग कोणत्याही खुणेला, आणि शेवटी परीक्षेतल्या गुणांना. म्हणजे पाहा, बाई वहीच्या मार्जिनमध्ये मार्क लिहितात तेव्हा दोन चुलत भाऊ शेकडो वर्षांनी एकाच ओसरीवर येऊन बसलेले असतात!

'डेन्मार्क' या देशाच्या नावातला 'मार्क'ही तोच. डेन लोकांचा सीमाप्रदेश तो डेन्मार्क. युरोपातल्या सरदारांचा 'मार्क्विस' हा किताबही त्याच घराण्यातला, कारण राज्याच्या सरहद्दीवरचा मुलूख ज्याच्या ताब्यात तो मार्क्विस. (पावाला लावायचं 'मार्गरीन' मात्र या कुटुंबातलं नाही हं. ते मोत्याच्या ग्रीक नावावरून आलं. नावात साम्य, नातं नाही.)

आता इराणकडे वळू. फारसीत सरहद्दीला 'मर्झ' म्हणतात. हाही 'मार्गो'चाच भाईबंद. प्राचीन इराणच्या सासानी साम्राज्यात सरहद्दीवरच्या प्रांताची राखण करणाऱ्या अधिकाऱ्याला 'मर्झबान' म्हणत. पारशी मंडळींत हे नाव आणि आडनाव आजही आहे. १८२२ साली मुंबईत 'मुंबई समाचार' हे गुजराती पत्र सुरू केलं ते फर्दुनजी मर्झबान यांनी. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ते निघतंच आहे. वर्तमानपत्राच्या धंद्यातल्या माझ्यासारखीला ही गोष्ट वाचून गंमतच वाटली. आपण ज्या कागदाला मार्जिन सोडतो, त्या कागदाच्या धंद्याचा मुंबईतला एक मूळपुरुष आडनावानंच मार्जिनचा राखणदार होता!

*

इंग्रजीत कडेला एकच शब्द आहे असं नाही. 'एज' आहे, 'बॉर्डर' आहे, 'मार्जिन' आहे. तिन्ही शब्द आपण भाषांतर करताना 'कड' म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्यात फरक आहे. 'एज' हा मुळात तलवारीच्या धारेचा शब्द. त्यावर कुणी उभं राहू शकत नाही. 'बॉर्डर'चं नातं लाकडी फळीशी, म्हणजे बाजूला लावलेल्या पट्टीशी. पण आज आपण तो ऐकतो तो दोन देशांमधल्या रेषेसाठी. रेषा म्हटली की अलीकडचा आणि पलीकडचा आलाच.

मार्जिनचं तसं नाही. मार्जिनला रुंदी असते. ती धार नसते, रेषाही नसते, ती एक पट्टी असते. तिथे हात टेकता येतो, काही लिहिता येतं, थोडं थांबता येतं. मला या शब्दाबद्दल जिव्हाळा वाटू लागला तो या रुंदीमुळे.

आपल्या मराठीत तर कडेला शब्दांची काय कमतरता! नदीला काठ, डोंगराला कडा, समुद्राला किनारा, लुगड्याला काठ-पदर, ताटाला कंगोरा, रजईला झालर, घराला उंबरठा, गावाला वेस आणि शीव. त्यातला 'किनारा' फारसीतून आला, 'हद्द' अरबीतून आली, आणि 'शीव' आली ती संस्कृतातल्या 'सीमा'पासून. मुंबईच्या लोकलमधून रोज जाताना 'शीव' स्टेशनाची पाटी दिसते. इंग्रजांनी त्याचं 'सायन' केलं. एके काळी मुंबई बेट तिथं संपत होतं आणि साष्टी सुरू होत होती, म्हणून ती शीव. आज ती शहराच्या पोटात आहे. गावं वाढतात तशा त्यांच्या शिवाही आत सरकतात.

शेताच्या कडेला तर प्रांताप्रांतात वेगळं नाव. आमच्या सातारा भागात बांध, विदर्भात धुरा, कोकणात भातखाचराची मेर. आणि परीक्षेत जेमतेम पस्तीस मार्क पडले की आपण काय म्हणतो? "काठावर पास झाला!" इंग्रजीतला 'मार्जिनल' शब्द इतक्या नेमकेपणानं कुणीही मराठीत आणला नसता, आपल्या आज्यांनी तो आधीच आणून ठेवला होता.

पण वहीतल्या कोऱ्या पट्टीला मराठीत जो शब्द आहे तो सगळ्यात मजेशीर. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत मास्तर होते. ते मार्जिन म्हणत नसत, 'समास' म्हणत. "डावीकडे दोन बोटं समास सोडा," हे त्यांचं वर्षातलं पहिलं वाक्य. आता समास म्हणजे काय? संस्कृतात समास म्हणजे एकत्र आणणं, सांधणं. 'राजाचा वाडा' म्हणण्याऐवजी 'राजवाडा' म्हटलं की झाला समास. समर्थांच्या दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत, तिथं समास म्हणजे प्रकरण. आणि वहीत मात्र समास म्हणजे जिथं काहीच लिहायचं नाही ती जागा! एकाच शब्दाच्या पोटात सांधणंही आहे आणि मोकळं सोडणंही आहे. लहानपणी मी नानांना विचारलं होतं, "काही लिहायचंच नाही तर जागा सोडायची कशाला?" ते म्हणाले, "तुला नाही लिहायचं. मला लिहायचंय."

*

हे उत्तर किती खरं होतं ते पत्रकारितेचा डिप्लोमा करताना कळलं. बातमीच्या कागदाला भरपूर समास सोडायचा, कारण तिथं उपसंपादकाचा हात फिरणार. पुढे नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे एक जुने मुद्रितशोधक होते. आता निवृत्त झाले. प्रुफाच्या समासात त्यांची लाल शाई मुंगीच्या पावलांनी चालायची. व्याकरणाची चूक ते बेधडक दुरुस्त करीत. पण वाक्याच्या अर्थाबद्दल शंका आली, तर मजकुराला हात न लावता समासात फक्त लिहीत, 'लेखकास विचारावे.' मजकूर लेखकाचा, समास वाचकाचा, हा शिष्टाचार मी त्यांच्याकडून शिकले.

समासात चालणाऱ्या या संवादाची परंपरा फार जुनी. युरोपात मध्ययुगात ग्रंथ हातानं लिहीत तेव्हा मोठमोठे समास सोडत. पंडित तिथं टीपा लिहीत. नकला करणारे लेखनिक मधूनच थंडीची आणि वाईट शाईची तक्रार करून ठेवत. चित्रकारांना तर तिथं रानच मोकळं मिळे! तेराव्या-चौदाव्या शतकातल्या पोथ्यांच्या समासात चिलखत घातलेले सरदार चक्क गोगलगायींशी लढताना दिसतात. मधल्या मजकुरात गंभीर प्रार्थना आणि कडेला ही थट्टा! जे मध्ये बोलता येत नसे ते कडेला बोलून घेत असावेत.

इंग्रज कवी कोलरिज याला समासात लिहिण्याचा इतका नाद होता, की या लिखाणासाठी 'मार्जिनेलिया' हा शब्द इंग्रजीत त्यानंच रूढ केला. त्याचा मित्र चार्ल्स लँब यानं लिहून ठेवलंय, की पुस्तक उसनं द्यायचं तर कोलरिजला द्यावं, कारण तो ते परत करतो तेव्हा त्याची किंमत वाढलेली असते.

आणि फर्माची गोष्ट तर जगजाहीर आहे. पिएर द फर्मा हा फ्रान्समधला न्यायखात्यातला माणूस, गणित हा त्याचा छंद. साधारण १६३७ साली एका जुन्या ग्रीक गणित ग्रंथाच्या समासात त्यानं एक सिद्धांत लिहिला आणि खाली टिपण केलं, की याची सुंदर सिद्धता आपल्याला सापडली आहे, पण ती मावायला हा समास पुरत नाही. झालं! तो गेल्यावर १६७० मध्ये मुलानं ही टिपणं छापली आणि पुढच्या गणितज्ञांच्या पिढ्यान् पिढ्या त्या समासात न मावलेल्या सिद्धतेच्या मागे लागल्या. अँड्र्यू वाइल्स या इंग्रज गणितज्ञानं १९९३ मध्ये ती सापडल्याचं जाहीर केलं, तीत एक त्रुटी निघाली, ती त्यानं १९९४ मध्ये दूर केली आणि १९९५ मध्ये शंभरावर पानांचा प्रबंध छापून आला. दोन बोटं समासानं जगाला साडेतीनशे वर्षं कामाला लावलं!

*

आता पैशांच्या मार्जिनकडे येऊ, कारण महिनाअखेरीस आपल्याला तेच आठवतं.

बँक घरासाठी पूर्ण किमतीचं कर्ज देत नाही. काही भाग आपला आपल्याला घालावा लागतो, तो मार्जिन. आपल्याला तो जाच वाटतो. पण त्यामागचं गणित सरळ आहे. घराची किंमत उद्या थोडी घसरली, तरी कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं होऊ नये म्हणून ती मधली पट्टी. ही पट्टी फार अरुंद ठेवली की काय होतं ते अमेरिकेनं १९२९ मध्ये पाहिलं. त्या काळी लोक दहा-वीस टक्के पैसे स्वतःचे घालून बाकीचे दलालाकडून उसने घेत आणि शेअर खरेदी करत. भाव चढते होते तोवर सगळे शहाणे ठरले. ऑक्टोबरमध्ये भाव कोसळले, तेव्हा ती दहा-वीस टक्क्यांची पट्टी बघता बघता संपली आणि पुढे फक्त कडा उरला.

अर्थशास्त्राची पदवी नसताना हे गणित आमच्या आईला बरोबर कळत होतं. नानांचा पगार झाला की ती पाकिटं करी. वाणी, दूध, शाळा, दवाखाना, गावचा खर्च, अशी प्रत्येकावर पेन्सिलीनं नावं. आणि एक पाकीट कोरं. त्यावर काहीच लिहिलेलं नसे. "हे कशाचं?" विचारलं तर म्हणायची, "जे अजून ठरलं नाही त्याचं." माझ्या डिप्लोमाच्या फीचा दुसरा हप्ता त्या कोऱ्या पाकिटातून गेला. आज फोनवर एका बोटानं पैसे जातात, हप्ते आपोआप कापले जातात, सगळ्या पाकिटांवर नावं असतात. कोरं पाकीट किती घरांत राहिलंय?

अर्थशास्त्रात 'मार्जिनल'ला 'सीमांत' म्हणतात. बारावीच्या पुस्तकातली सीमांत उपयोगिता आठवते? भूक लागलेल्या माणसाला पहिली पुरणपोळी अमृतासारखी लागते, दुसरी छान, तिसरी बरी, आणि पाचवी यजमानांच्या आग्रहाखातर. म्हणजे वस्तूचं मोल तिच्या कडेवर ठरतं, अगदी शेवटच्या घासावर. ज्याच्याकडे पाच पोळ्या आहेत त्याला एक गेल्याचं कळत नाही. ज्याच्याकडे एकच आहे त्याला अर्धी गेली तरी रात्रभर कळतं.

*

आणि इथंच हा शब्द गमतीचा राहत नाही.

सरकारी हिशेबात एक हेक्टरपेक्षा, म्हणजे अडीच एकरांपेक्षा कमी जमीन असलेला तो 'मार्जिनल' शेतकरी. हिंदीत सीमांत किसान, आपल्याकडच्या कागदांत 'अत्यल्प भूधारक'. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली सुमारे ६८ टक्के वहिती खाती अशी अत्यल्प आहेत. सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होतं, ते १.०८ हेक्टरवर आलं. देशातले दोन तृतीयांशांहून अधिक खातेदार जर मार्जिनमध्ये असतील, तर मग पानावर मजकूर कोणता आणि समास कोणता?

आमचंही घर त्यातलंच. आजोबांची सहा एकर जमीन. तीन मुलगे, एक मुलगी. आजोबा १९९८ मध्ये गेले आणि मुलग्यांनी तोंडी वाटण्या करून दोन-दोन एकर कसायला घेतली. एका पिढीत घर अत्यल्प भूधारक झालं. मध्ये बांध आले. दीड हात रुंदीचे. पहिल्या वर्षी त्यांच्यावर गवत होतं, दोन बोरी होत्या, कडेनं लावलेली काटेरी करडई होती. ती गुरांना पिकात शिरू देत नसे. मग प्रत्येक नांगरटीला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बांध कोरला जाऊ लागला. बांध कोरणारा कधीच चोर नसतो, तो फक्त 'नांगर जरा वळवताना' असतो! दहा-बारा वर्षांत बांधाची रेघ झाली. बोरी गेल्या. गवत गेलं. आणि जिथं रुंदी संपते तिथं भांडण सुरू होतं, ते झालंच.

२०२१ मध्ये ठरलं, की रीतसर मोजणी करून वाटणीपत्र करायचं. वकिलांनी सातबारा पाहिला आणि म्हणाले, "बहिणीचं हक्कसोडपत्र लागेल." उताऱ्यावर तिन्ही भावांची नावं भोगवटादार म्हणून मुख्य रकान्यात होती. आत्याचं नाव होतं 'इतर हक्क' या रकान्यात. कडेला. मी तो उतारा पुष्कळदा पाहिला होता, पण ते नाव कुठं आहे याकडे माझं लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

हक्कसोडपत्र ही आपल्याकडची अगदी साधी, घरगुती गोष्ट मानली जाते. बहिणीला साडी-चोळी करायची, जेवू घालायचं, आणि सही घ्यायची. कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली. २००५ मध्ये ती देशभर झाली आणि मुलगी मुलाच्या बरोबरीची हक्कदार ठरली. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण कायदा कागदाच्या मध्यभागी असतो आणि बाई कडेला. ती सही करते, कारण तिला वाटतं जमीन घेतली तर माहेर तुटेल.

आमची आत्या तिन्ही भावांत थोरली. सगळे तिला अक्का म्हणतात. ती आली, जेवली, कागद वाचायला चष्मा मागून घेतला, पूर्ण वाचला, आणि म्हणाली, "मी सही करणार नाही."

माजघरात कुणी बोलेना. धाकटे आबाकाका म्हणाले, "अक्का, तुला काय कमी आहे? तुझी पोरं मिळवती आहेत."

ती शांतपणे म्हणाली, "मला कमी आहे म्हणून नाही रे. जमीन तूच कस. पण बापाच्या कागदावर माझं नाव कडेला का, एवढं मला सांग."

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. नाना त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी उठून वकिलांना म्हणाले, "चार नावं घाला. माझी हरकत नाही." मोठे काकाही हळूहळू तयार झाले. आबाकाका मात्र चिडले. दोन भाऊबिजा ते आत्याकडे गेले नाहीत. आत्यानं दोन्ही वर्षी त्यांचं ताट वाढून ठेवलं आणि संध्याकाळी गाईला घातलं. फेरफार झाला, तिचं नाव मुख्य रकान्यात आलं. तिच्या वाट्याची जमीन आजही आबाकाकाच कसतात. सुगीनंतर शाळूची दोन पोती तिच्या दारात उतरवली जातात. तिसऱ्या वर्षी ती पोती घेऊन ते स्वतःच गेले. सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी लिहिणार नाही. पण बोलणं सुरू झालंय.

मी एकदा आत्याला विचारलं, "तुला भीती नाही वाटली, माहेर तुटेल म्हणून?" ती म्हणाली, "वाटली ना. पण कडेकडेनं चालून टिकवलेलं माहेर, ते माझं होतं की त्यांचं?"

गेल्या वर्षी मोजणी झाली तेव्हा नानांनी एक गोष्ट केली. खुणेच्या दगडापासून आपल्या बाजूचं एक हात रान त्यांनी पडीक सोडलं. कुणी म्हणालं, "मास्तर, जमीन वाया घालवता!" ते म्हणाले, "समास सोडलाय." यंदा पलीकडूनही एक हात सुटलाय. त्या पट्टीत शेवग्याच्या दोन फांद्या रोवल्यात, त्या धरल्या आहेत. शेंगा कुणाच्या, हे अजून ठरलेलं नाही.

*

कडेची जागा वाया जात नाही, हे निसर्गानं कधीच सिद्ध केलंय. जंगल जिथं संपतं आणि माळ जिथं सुरू होतो, त्या पट्टीत पक्ष्या-प्राण्यांची वर्दळ अधिक असते. अमेरिकेतला वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यानं १९३३ मध्ये आपल्या ग्रंथात हे मांडलं. त्यासाठी अमेरिकेला जायला नको, ठाण्याची खाडी पाहावी. ना धड समुद्र, ना धड जमीन, असा तो चिखल आणि खारफुटी. तिथं हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत तिची नोंद झाली. आणि जिथं आपण समास खाल्ला तिथं काय झालं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पसरायला काठच उरला नव्हता. तो आपण भराव घालून केव्हाच मजकुरात घेतला होता. मग नदीनं आपली जागा घराघरांत शिरून शोधली.

घरातल्या बायकांना हे लुगड्यावरूनच कळत असे. काठ घट्ट विणलेले असतात. अंग विरतं, काठ राहतात. म्हणूनच जुन्या नऊवारीचे काठ कापून गोधडीला लावायचे. कड मजबूत तर मधलं टिकतं.

तेव्हा वाचकहो, मला या शब्दानं दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या. समास सोडणं ही एक गोष्ट आणि माणसाला समासात ढकलणं ही दुसरी. पहिली आपण आपल्या जागेतून सोडतो. दुसरीत आपण दुसऱ्याची जागा घेतो. दिवसभराच्या कामात अर्धा तास कोरा ठेवणं, बोलताना समोरच्याला बोलायला उसंत देणं, पगारातलं एक पाकीट बिननावाचं ठेवणं, शेजाऱ्याच्या भिंतीपासून दोन हात मागं सरकून आपली भिंत बांधणं, हा समास. आणि घरातल्या लेकीचं, सुनेचं, कामाला येणाऱ्या मावशीचं नाव 'इतर' या रकान्यात टाकून मोकळं होणं, हे ढकलणं.

आपल्या घरचा सातबारा किंवा घराचा कागद एखाद्या दिवशी कपाटातून काढा आणि कुणाचं नाव कुठं आहे ते पाहा. फार वेळ लागत नाही. चष्मा तेवढा जवळ ठेवा, कारण कडेची अक्षरं नेहमी बारीक असतात.